कुंडल : क्रांतीच्या गावाचे अर्थकारण

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील कुंडल हे गाव महाराष्ट्राला प्रामुख्याने ठाऊक आहे ते प्रतिसरकारची राजधानी म्हणून. क्रांतिसिंह नाना पाटील, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड आणि तुफान सेना या नावांशी कुंडलचे नाव कायमचे जोडले गेले आहे. तथापि कुंडलची थोरवी स्वातंत्र्यलढ्यापुरतीच मर्यादित नाही. एका लहान गावाने आणि त्याच्या पंचक्रोशीने आपल्या पोटापाण्याचा प्रश्न कसा हाताळला, हा कुंडलच्या इतिहासाचा दुसरा आणि तितकाच बोधप्रद भाग होय.

लहान गावाच्या अर्थव्यवस्थेपुढील मूळ प्रश्न सर्वत्र सारखाच असतो. धान्य, ऊस, भुईमूग गावात पिकतो. त्यावर प्रक्रिया मात्र अन्यत्र होते आणि प्रक्रियेचा नफाही तेथेच राहतो. कर्जाचे व्याज सावकाराच्या पेढीवर जाते. शिकलेला मुलगा शहराकडे जातो. अशा रीतीने गावात निर्माण होणाऱ्या संपत्तीपैकी गावात राहते किती आणि वेशीबाहेर जाते किती, यावरच गावाचे भवितव्य ठरत असते. कुंडल परिसराने या प्रश्नाला विसाव्या शतकात तीन वेगवेगळ्या मार्गांनी उत्तर दिले : प्रथम कारखानदारीने, नंतर स्वशासनाने आणि पुढे सहकाराने. आज चौथ्या उत्तराची वेळ आली आहे. ते उत्तर पाणी, माती आणि कौशल्य यांच्याशी निगडित आहे.

भूमी आणि माणसे

सांगली जिल्ह्याची भौगोलिक रचना मोठी विषम आहे. पश्चिमेला शिराळ्याच्या डोंगराळ भागात पाऊस भरपूर पडतो, तर पूर्वेला जत आणि आटपाडी हे तालुके अवर्षणप्रवण म्हणून ओळखले जातात. कुंडल या दोहोंच्या मध्ये, कृष्णेच्या खोऱ्यात परंतु नदीकाठापासून काहीसे आत, डोंगरांच्या कुशीत वसलेले आहे. नदीकाठाची काळी कसदार जमीन आणि डोंगरउताराची हलकी, मुरमाड जमीन अशा दोन्ही प्रकारच्या जमिनी या टापूत आढळतात. जवळच सागरेश्वरचे डोंगर आहेत. एके काळी उघड्याबोडक्या असलेल्या या डोंगरांवर स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने वृक्षलागवड झाली, वन्यप्राणी आणून सोडण्यात आले आणि 1985 मध्ये सुमारे 11 चौरस किलोमीटरचे सागरेश्वर अभयारण्य घोषित झाले. मानवी प्रयत्नांतून उभे राहिलेले अभयारण्य म्हणून त्याचा लौकिक आहे.

कुंडलच्या डोंगरांत प्राचीन लेणी आहेत. झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ या स्थानांमुळे कुंडल हे जैन समाजाचे तीर्थक्षेत्र मानले जाते. गावचे कुस्ती मैदान हे या प्रदेशाचे आणखी एक भूषण होय. दरवर्षी भरणाऱ्या या मैदानासाठी नामांकित मल्ल आणि हजारो शौकीन येथे येतात. वन विभागाच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी प्रबोधिनीही आज कुंडल येथेच आहे. अशा रीतीने शेती, श्रद्धा, व्यायाम आणि शिक्षण या चारही अंगांनी गावात बाहेरच्या माणसांची ये-जा राहिली आहे आणि ती गावच्या बाजारपेठेला पोषक ठरली आहे.

निवडुंगाच्या माळावरील कारखाना

स्वातंत्र्यपूर्व काळात कुंडल हा औंध संस्थानाचा एक तालुका होता. औंध संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. त्याची 72 गावे वेगवेगळ्या जिल्ह्यांत विखुरलेली होती. संस्थान आकाराने लहान आणि उत्पन्नाने बेताचे. परंतु त्याचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे कलांचे आणि उद्योगांचे जाणते आश्रयदाते होते.

बेळगाव येथे सायकलींचे दुकान आणि पुढे शेतीची अवजारे बनविण्याचा लहानसा कारखाना चालविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना तेथील जागा सोडणे भाग पडले, तेव्हा पंतप्रतिनिधींनी त्यांना आपल्या संस्थानात जागा देऊ केली. कुंडल रोड या रेल्वे स्थानकानजीकचा 32 एकरांचा माळ त्यांना मिळाला. त्याबरोबर 10,000 रुपयांचे बिनव्याजी कर्जही मिळाले. त्या माळावर निवडुंग माजलेला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. मार्च 1910 मध्ये लक्ष्मणराव आणि त्यांचे मोजके सहकारी तेथे उतरले. निवडुंग तोडून उभ्या राहिलेल्या त्या वसाहतीचे नाव किर्लोस्करवाडी. पुढे रेल्वे स्थानकालाही तेच नाव मिळाले.

या कारखान्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने आपला माल भोवतालच्या शेतकऱ्याच्या गरजेतून निवडला. लोखंडी नांगर हा त्यातील पहिला महत्त्वाचा माल. लोखंडाने जमीन नासते, अशी त्या काळी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे आरंभीचे नांगर विकले जाण्यास फार काळ लागला. परंतु खोल नांगरटीचा लाभ शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि मागणी वाढत गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंडाची टंचाई निर्माण झाली, तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी पन्हाळ्यावरील जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि 1920 च्या दशकात पाण्याचे पंप तयार होऊ लागले.

या मालांचा परस्परसंबंध ध्यानात घेण्याजोगा आहे. नांगराने जमीन खोलवर मोकळी झाली, पंपाने विहिरीचे आणि नदीचे पाणी त्या जमिनीवर चढले, त्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि चरकाने त्या उसाचा रस निघून गूळ झाला. कारखाना शेतीला अवजारे पुरवीत होता आणि सुधारलेली शेती कारखान्याला गिऱ्हाईक पुरवीत होती. आसपासच्या खेड्यांतील तरुणांना ओतकाम, सुतारकाम, फिटरकाम असे नवे हुन्नर मिळाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी विश्वासाने पहाऱ्याच्या कामावर नेमले. कारखान्याच्या जोडीला वाडीत छापखाना आला. 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’, 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही नियतकालिके तेथून निघाली आणि आडवळणाच्या एका स्थानकाचे नाव मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचले. किर्लोस्करवाडीचा पंपांचा कारखाना आजही चालू आहे.

औंधचे स्वराज्य

कारखान्याने रोजगार दिला. परंतु गावचा कारभार गावकऱ्यांच्या हाती येणे ही निराळी गोष्ट होती. त्या दिशेने औंध संस्थानात 1938-39 मध्ये एक असामान्य पाऊल उचलले गेले. पंतप्रतिनिधींनी राजसत्ता प्रजेच्या हाती सोपविण्याचे ठरविले. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने, राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि भारतात स्थायिक झालेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या सहभागाने संस्थानाची नवी घटना तयार झाली आणि जानेवारी 1939 मध्ये ती अमलात आली.

या घटनेचा पाया ग्रामपंचायत हा होता. प्रत्येक गावात निवडून आलेल्या पाच पंचांची पंचायत, पंचायतींच्या अध्यक्षांचे मिळून तालुका मंडळ आणि त्यावर संस्थानचे विधिमंडळ अशी तिची उतरंड होती. शिक्षण, रस्ते, पाणीपुरवठा यांबरोबरच लहानसहान तंट्यांचा निवाडा करण्याचे कामही पंचायतीकडे सोपविण्यात आले. कचेरीत हेलपाटे घालण्यात आणि वकिलाच्या फीमध्ये शेतकऱ्याचा जो पैसा जात असे, तो गावातच न्याय मिळाल्याने वाचू लागला. 8 मार्च 1948 रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. औंधचा प्रयोग दहा वर्षांचाही नव्हता; परंतु आपला कारभार आपण चालवू शकतो, हा आत्मविश्वास त्याने या गावांना दिला.

प्रतिसरकारचा आर्थिक आशय

1942 च्या सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यात तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील मामलेदार कचेऱ्यांवर प्रचंड मोर्चे निघाले. वडूज येथे 9 सप्टेंबरला आणि इस्लामपूर येथे 10 सप्टेंबरला गोळीबार झाला. इस्लामपूरच्या हुतात्म्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील अभियंते उमाशंकर पंड्या हेही होते. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि 1943 ते 1946 या काळात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. कुंडल हे संस्थानी हद्दीतील गाव असल्याने ब्रिटिश पोलिसांना तेथे एकदम शिरता येत नसे. भौगोलिक स्थान, संस्थानची सहानुभूती आणि गावकऱ्यांची एकजूट या तिन्हींमुळे कुंडल हे प्रतिसरकारचे केंद्र बनले. येथील तरुणांतून तुफान सेना उभी राहिली.

प्रतिसरकारच्या धाडसी कृत्यांची हकीकत सर्वश्रुत आहे. 7 जून 1943 रोजी शेणोलीनजीक सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडविण्यात आली. 14 एप्रिल 1944 रोजी धुळ्याच्या मोहिमेत सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना हस्तगत करण्यात आला. तथापि प्रतिसरकारच्या कार्याचा एक आर्थिक आशयही होता आणि त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. सावकारांच्या जाचाला पायबंद घालणे, गहाण पडलेल्या जमिनींचे तंटे लोकन्यायालयात मिटविणे, दारूबंदी आणि अल्प खर्चात होणारे गांधी विवाह ही त्याची विधायक कामे होती. कर्जाचे व्याज, दारू, लग्नाचा डामडौल आणि कोर्टकचेरी या चार वाटांनी शेतकऱ्याच्या घरातील पैसा बाहेर जात असे. त्या चारही वाटा रोखण्याचा हा प्रयत्न होता, असे म्हणता येईल. बंदुकीइतकेच हिशेबाचे भानही या चळवळीला होते.

सहकाराची वाट

स्वातंत्र्यानंतर प्रतिसरकारचे अनेक कार्यकर्ते राजकारणात, शिक्षणकार्यात आणि सहकारात उतरले. वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी आपल्या हुतात्मा सहकाऱ्याच्या, किसन अहीर यांच्या नावाने सहकारी साखर कारखाना उभारला. कुंडलचे जी. डी. बापू लाड शेतकरी कामगार पक्षात आणि विधिमंडळात कार्यरत राहिले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली कुंडल येथे क्रांती सहकारी साखर कारखाना उभा राहिला. 14 नोव्हेंबर 2011 रोजी बापूंचे निधन झाले. आज हा कारखाना त्यांच्याच नावाने ओळखला जातो. भूमिगत चळवळीतील माणसांनी पुढील आयुष्यात भागभांडवल, गाळप आणि ताळेबंद यांत लक्ष घालावे, हे वरवर नवलाचे वाटेल. परंतु त्यामागील सूत्र एकच होते. शेतकऱ्याच्या श्रमाचे मोल दुसऱ्या कोणी ठरवू नये, हा त्यांचा आग्रह होता.

सहकाराचे हे बीज मुळात फार दूरच्या, परंतु परिस्थितीने कुंडलसारख्याच गावांत रुजले होते. जर्मनीच्या पश्चिम भागातील वेस्टरवाल्ड या डोंगराळ आणि गरीब प्रदेशात फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन हे 1845 पासून लहान गावांचे ग्रामप्रमुख म्हणून काम करीत होते. 1846-47 च्या दुष्काळी हिवाळ्यात त्यांनी धान्य आणि पाव पुरविणारी संस्था काढली. दानधर्माने माणूस तात्पुरता तगतो, कायमचा उभा राहत नाही, हे अनुभवाने ध्यानी आल्यावर त्यांनी 1864 मध्ये हेडेसडॉर्फ येथे शेतकऱ्यांची परस्पर जबाबदारीवर चालणारी पतसंस्था स्थापन केली. एकमेकांना ओळखणाऱ्या गावकऱ्यांनी एकमेकांची हमी घ्यावी, हे तिचे तत्त्व होते. मद्रास सरकारच्या वतीने सर फ्रेडरिक निकल्सन यांनी या संस्थांचा अभ्यास करून 1890 च्या दशकात अहवाल सादर केला आणि 1904 मध्ये भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी हे तत्त्व प्रक्रिया उद्योगाला लागू केले आणि प्रवरानगर येथे 1950 मध्ये सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. राईन नदीकाठच्या जर्मन शेतकऱ्याने कर्जासाठी जे केले, ते प्रवरा आणि कृष्णेच्या काठच्या शेतकऱ्याने साखरेसाठी केले.

एक टन उसाचा हिशेब

सहकारी कारखान्यामुळे गावाच्या अर्थकारणात नेमका काय फरक पडतो, हे एक टन उसाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. उसाचा साखर उतारा 11 टक्के धरल्यास एक टन उसापासून सुमारे 110 किलो साखर मिळते. त्याखेरीज सुमारे 280 ते 300 किलो ओला चोथा, म्हणजे बगॅस, आणि सुमारे 40 ते 45 किलो मळी निघते. रस गाळताना उरणारा साका निराळाच. पूर्वी साखर हेच मुख्य उत्पन्न मानले जाई. आता बगॅस बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज तयार होते. मळीपासून मद्यार्क आणि पेट्रोलमध्ये मिसळावयाचे इथेनॉल तयार होते. साक्यापासून सेंद्रिय खत बनते आणि ते पुन्हा शेतात जाते. उसाचा कोणताही भाग वाया जात नाही. मात्र या प्रत्येक उपपदार्थाचे मोल सभासदापर्यंत पोहोचते किंवा नाही, हे कारखान्याच्या व्यवस्थापनावर अवलंबून असते.

उसाचा किमान दर केंद्र शासन ‘रास्त आणि किफायतशीर दर’ या नावाने ठरविते. 2009 मध्ये ही पद्धत आली. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये असा हा दर ठरविण्यात आला आणि त्यापुढील प्रत्येक 0.1 टक्का उताऱ्यासाठी 3 रुपये 46 पैशांची वाढ देण्यात आली. म्हणजेच 11.25 टक्के उताऱ्याच्या उसाला टनामागे 3,896 रुपये होतात. त्यातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होते. ऊस गाळपास गेल्यापासून 14 दिवसांच्या आत ही रक्कम मिळावी, असा नियम आहे. कृष्णाकाठचा ऊस उताऱ्याला चांगला असल्याने या हिशेबाचे येथे विशेष महत्त्व आहे. ऊस वेळेवर तुटला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. रक्कम वेळेवर मिळाली नाही तर सोसायटीचे कर्ज थकते, दुकानदाराची उधारी राहते आणि मुलांच्या शाळा-कॉलेजची फी अडते. कारखान्याच्या एका विलंबाची झळ अशा रीतीने सबंध बाजारपेठेला पोहोचते.

गावाचे वर्ष

कुंडलचे वर्ष शेतीच्या वेळापत्रकाने बांधलेले आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी आडसाली उसाची लागण सुरू होते. हा ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा राहतो. सोयाबीन आणि भुईमूग खरिपात येतात. श्रावणात डोंगरावरील तीर्थस्थानी यात्रेकरूंची गर्दी होते. ऑक्टोबरच्या सुमारास द्राक्षबागांची पीकछाटणी होते. पलूस-तासगाव हा टापू द्राक्षे आणि बेदाणे यांसाठी प्रसिद्ध असून सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या दाखल होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांचा हंगाम ऐन भरात येतो आणि उन्हाळा लागता लागता कारखान्याचा भोंगा थांबतो.

या वेळापत्रकात ज्याचा वाटा मोठा परंतु हिस्सा लहान, असा घटक म्हणजे ऊसतोडणी मजूर. मराठवाड्यातील बीडसारख्या जिल्ह्यांतून, तसेच जत-आटपाडीसारख्या दुष्काळी भागांतून पतिपत्नीची जोडी मुकादमाकडून उचल घेऊन येते. या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत तोडणी, मोळ्या बांधणे आणि वाहने भरणे असे त्यांचे काम चालते. मुले पालापाशी राहतात आणि शाळेला मुकतात. शासनाने या मजुरांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ स्थापन केले असून त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आखली आहे. परंतु महामंडळाचे लाभ उसाच्या फडापर्यंत पोहोचावयाचे तर कारखाना, ग्रामपंचायत आणि शाळा यांनी हंगामापूर्वीच मुलांची नोंद ठेवणे, त्यांना जवळच्या शाळेत बसविणे आणि पालांवर पाणी, वीज, शौचालय यांची सोय करणे अगत्याचे आहे. ज्या भूमीत सावकारशाहीविरुद्ध लढा उभा राहिला, तेथे उचलीच्या कर्जात बांधलेल्या माणसाचा विचार प्रथम व्हावयास हवा.

पाणी आणि माती

कुंडल परिसराच्या समृद्धीचा मुख्य आधार पाणी हा होय. कृष्णा नदीवरील सहकारी उपसा योजना, विहिरी आणि शासनाची ताकारी उपसा सिंचन योजना यांमुळे या टापूचे रूप पालटले. ताकारी योजनेने कृष्णेचे पाणी सागरेश्वरच्या डोंगरावर चढवून कडेगाव, खानापूर, पलूस, तासगाव या भागांकडे नेले. पाणी उचलण्यास वीज लागते आणि विजेचे बिल हाच उपसा योजनांचा कच्चा दुवा असतो. म्हणून टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांच्या वीजबिलापैकी 81 टक्के भार शासनाने उचलावा आणि 19 टक्के लाभधारकांनी भरावा, असे सूत्र स्वीकारण्यात आले. डोंगरावर चढविलेल्या पाण्याच्या प्रत्येक थेंबामागे अशा रीतीने सार्वजनिक पैसा उभा आहे, याची जाणीव लाभधारकांनी ठेवणे आवश्यक आहे.

ऊस हे अधिक पाणी घेणारे पीक आहे. पाटपाण्यावर ऊस घेताना सरीमागून सरी तुडुंब भरण्याची सवय शेतकऱ्यांना लागली. त्याचे परिणाम कृष्णाकाठी स्पष्ट दिसतात. अतिरिक्त पाण्याचा निचरा न झाल्याने जमिनीखालची पाणीपातळी वर येते, तिच्याबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात आणि सोन्यासारखी काळी जमीन क्षारपड होते. पलूस, वाळवा, मिरज आणि शेजारच्या शिरोळ तालुक्यात अशी क्षेत्रे आहेत. वडिलांनी एकरी विक्रमी ऊस काढलेल्या रानात मुलाला गवतही धड उगवताना दिसत नाही, ही वस्तुस्थिती आहे. दुसऱ्या बाजूने 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी नदीकाठच्या गावांतील उभी पिके आणि घरे पाण्याखाली घातली. पाण्याचा अभाव आणि पाण्याचा अतिरेक ही दोन्ही संकटे या एकाच खोऱ्यात शेजारी शेजारी नांदत आहेत.

यावरील उपाय अज्ञात नाहीत. ठिबक सिंचनाने पाण्याची मोठी बचत होते आणि खतही मुळापाशी देता येते. उसाचे पाचट न जाळता सरीत कुजविल्यास जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो आणि ओलावा टिकतो. क्षारपड जमिनीत भूमिगत निचरा नळ्या घालून पाणी बाहेर काढता येते. हिरवळीची खते, द्विदल पिकांचा फेरपालट आणि पाडेगाव संशोधन केंद्राने दिलेल्या, क्षार काही प्रमाणात सोसणाऱ्या ‘फुले 265’ सारख्या जातींचा उपयोग होतो. अडचण ही की, निचऱ्याचे काम एकट्या शेतकऱ्याच्या बांधापाशी थांबत नाही. वरच्या रानातील पाणी खालच्या रानातून ओढ्यापर्यंत न्यावे लागते. त्यासाठी गटातील सर्व खातेदारांची संमती आणि वर्गणी लागते. म्हणजे येथेही अखेर सहकाराचाच आधार घ्यावा लागतो. पतपुरवठ्यासाठी आणि गाळपासाठी जी एकी झाली, ती निचऱ्यासाठी होऊ शकली तरच पुढील पिढीच्या हाती शेत राहील.

हाताला कौशल्य

जमिनीचे वाटप पिढीगणिक होत असल्याने धारणक्षेत्र लहान होत चालले आहे. एक-दीड एकराच्या उसावर सबंध कुटुंबाचा निर्वाह होणे कठीण आहे. त्यामुळे घरटी एक तरुण शेतीबाहेरच्या उत्पन्नाकडे वळणे अपरिहार्य आहे. त्याने पुण्याला जाऊन मिळेल ते काम पत्करावे, की गावाजवळच हुन्नराचे काम करावे, हा खरा प्रश्न आहे. जर्मनीतील अनेक लहान शहरांनी या प्रश्नाचे उत्तर प्रशिक्षणातून शोधले. तेथे शाळा संपलेला तरुण आठवड्यातील तीन-चार दिवस प्रत्यक्ष कारखान्यात काम शिकतो आणि उरलेले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो. उमेदवारीच्या या काळात त्याला विद्यावेतन मिळते. परिणामी लहान गावातील कारखान्यालाही कुशल कारागीर गावातच मिळतो आणि कारागिरालाही घर सोडावे लागत नाही.

कुंडल परिसरात हे अशक्य नाही. येथे शंभर वर्षांहून अधिक काळ ओतकाम आणि यंत्रकामाची परंपरा आहे. साखर कारखान्यात बॉयलर, टर्बाइन, विद्युत आणि रसायन या विभागांना प्रशिक्षित माणसे लागतात. ठिबक संचांची दुरुस्ती, पंपांची देखभाल, द्राक्षांचे शीतगृह, बेदाण्याची प्रतवारी, हळदीची प्रक्रिया ही सर्व कामे याच टापूत निर्माण होणारी आहेत. शिकाऊ उमेदवारी कायदा भारतात 1961 पासून आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, कारखाने आणि शेतकऱ्यांच्या संस्था यांनी आपापल्या गरजा एकत्र मांडून त्याप्रमाणे अभ्यासक्रम आखल्यास या कायद्याचा पुरेपूर लाभ घेता येईल. महिला बचत गटांनी आतापर्यंत पतपुरवठ्यात जी शिस्त दाखविली आहे, तिला बेदाणा आणि हळद यांच्या प्रक्रियेची जोड मिळाली तर घरातील दुसऱ्या हातालाही स्वतःचे उत्पन्न मिळेल.

लहान गाव टिकते ते मोठ्या शहराची नक्कल करून टिकत नाही. आपल्या मातीत काय पिकते, आपल्या हातांना काय येते आणि आपल्या माणसांत एकी किती आहे, या तीन गोष्टींवर ते टिकते. कुंडलने निवडुंगाच्या माळावर कारखाना वसताना पाहिला, संस्थानी राजवटीत पंचायतीचा कारभार पाहिला, परकी सत्तेला आव्हान दिले आणि सहकाराच्या बळावर आपल्या उसाचे मोल आपल्या गावी आणले. आता क्षारपड होणारी जमीन, उपशाचे महागडे पाणी, फडातील मजुराचे मूल आणि नोकरीच्या शोधात एस. टी. ची वाट पाहणारा तरुण, हे त्याच्यापुढील आजचे प्रश्न आहेत. शासनाच्या योजना, संशोधन केंद्रांचे ज्ञान आणि बँकांचे भांडवल यांचे साहाय्य मिळू शकते. परंतु एका गटातील खातेदारांनी एकत्र बसून निचऱ्याची चारी कोठून न्यावयाची हे ठरविणे, हे काम गावालाच करावे लागेल. ज्या गावाने एके काळी आपले न्यायालय आपण चालविले, त्याला ते अवघड जाऊ नये.